नाकापासून दोन बोटं

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला मुलं तोंडावर ‘लोलककाका’ म्हणत आणि पाठीमागे नुसतं ‘लोलक’. त्याला त्याचं काही वाटत नसे. विज्ञानाच्या सरांचं टोपणनाव याहून पुष्कळ वाईट होतं.

दरवर्षी ऊर्जेचा धडा आला की तो छताच्या तुळईला दोराने सहा किलोचा लोखंडी गोळा टांगायचा, भिंतीला पाठ टेकून उभा राहायचा आणि एखाद्या मुलाला गोळा आपल्या नाकाच्या शेंड्याला लावून सोडायला सांगायचा. गोळा समोरच्या फळ्यापर्यंत जाई, घोंगावत परत येई आणि नाकापासून दोन बोटांवर थांबे. सोडला त्या उंचीच्या वर तो केसभरही चढत नाही. उलट थोडी ऊर्जा वाटेत हवाच खाते. सरांचा विज्ञानावर गाढ विश्वास होता, पण त्यासाठी नाक ते शिपायाचं वापरत.

सतरा वर्षांत लोलकाची पापणी लवली नव्हती. शाळेत दोनदा नापास झालेल्या माणसाकडे मिरवायला तेवढंच होतं. नियम एकच: सोडायचा, ढकलायचा नाही.

यंदा त्याची लेक त्या वर्गात आली. पहिल्याच दिवशी घरी चपला काढता काढता तिने बजावलं, “बाबा, शाळेत मला हाक मारायची नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कळलं?”

“आणि बेसिनपाशी समोर आलीस तर?”

“तर बेसिन धुवा.”

तिची आई हसली. तोही हसला. पण मनात त्याने त्या धड्यावर डाव लावला होता. बाप हलत नाही हे एकदा बघितलं की पोर आपणहून बाकावरच्या शेजारणीला सांगेल, ‘ते माझे बाबा.’ त्याने नवा दोर आणला, गोळा तेल लावून लखलखीत केला आणि धडे मोजत बसला.

तो तास आला. “कोण सोडणार?” सरांनी विचारलं.

“त्याच्या पोरीला बोलवा, सर! घरचंच काम आहे!” मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग फिदीफिदी हसला. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. लेक कानापर्यंत लाल होऊन पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी गोळा त्याच्या नाकाला लावला.

“नुसता सोड गं, बाळा,” तो पुटपुटला.

“ओळख दाखवू नका म्हटलं होतं ना?” ती दात आवळून म्हणाली, आणि तिने गोळा ढकलला.

फार नाही. वर्गाला कळणारही नाही एवढाच. पण लोलकाला तिच्या तळव्यांचा नेट लगेच कळला. गोळ्याला जाऊन यायला चार आकडे लागत. एक, दोन. बाजूला झालं तर गोळा भिंतीवर आदळणार आणि पोरीने ढकलल्याचं सगळ्यांना कळणार. तीन. तो उभा राहिला. चार.

पुढचे दोन दात गेले, नाक एका अंगाला कललं.

“ढकललास का गं?” सर ओरडले.

“नाही, फर,” रक्ताच्या गुळण्यातून तो म्हणाला, “मीफ पुढे झुकलो.”

घाबरलेला वर्ग ते बोबडं ऐकून मोकळेपणी हसला. “सतरा वर्षांत एवढंही शिकला नाहीत?” सर म्हणाले. मग फरशी पुसायची होती, आणि शिपाई एकच होता.

पुढल्या आठवड्यात प्रयोगवह्यांचा गठ्ठा सरांकडे नेताना त्याने लेकीची वही उघडली. आकृती सुरेख होती: दोर, गोळा, भिंत, आणि नाकाच्या जागी एक टिंब. खाली वळणदार अक्षरात: ‘निष्कर्ष: गोळा सोडलेल्या उंचीपेक्षा वर जात नाही. त्रुटीचे कारण: शिपाई पुढे सरकला.’

सरांनी दहापैकी दहा दिले.

वह्या परत वाटताना त्याने तिचं नाव पुकारलं नाही. वही बाकावर ठेवली आणि तो पुढे गेला.

“अजून दुखतं का गं त्यांना?” शेजारणीने विचारलं.

“मला काय माहीत?” लेक म्हणाली आणि आपले गुण बघू लागली.