मामांचे मज्जातंतू

दमलेल्या माणसाला गाठून त्याला दमण्यामागचं शास्त्र समजावून सांगणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो गिरगावात नेमका माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आमच्या हिचे हे मामा परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत. दिवसभर विद्यार्थ्यांना प्रेतातले मज्जातंतू मोकळे करून दाखवायचे आणि संध्याकाळी ट्रामने घरी येऊन आमच्या मज्जातंतूंना हात घालायचा. मी कचेरीतून येऊन चपला काढतोय तोच गॅलरीतून आवाज येई, "जावईबापू, थकवा पायांत नसतो हो, मेंदूत असतो." थकवा कुठेही असो, मला बसायचं असे. मामा बसू देत, पण पायावर पाय टाकायला लावून. मग लाटण्याने गुडघ्याखाली हलकेच ठोकत आणि पाय उडाला की खूश होत. "पाहिलंत? मेंदूला पत्ताच नाही. कण्याने परस्पर निर्णय घेतला." माझ्या मेहुणीला पाहायला आलेल्या मुलाचा गुडघाही त्यांनी असाच ठोकला, आणि त्याची लाथ त्याच्याच वडिलांना बसली. लग्न जमलं, पण ते व्याही अजून मामांसमोर मांडी घालूनच बसतात. मामींना या विद्येचं कौतुक नव्हतं. "पाठ दुखते का, असं मला कधी विचारलं नाही," त्या म्हणत, "आणि कण्यावर तासभर बोलतात."

ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. मामा एकही सभा चुकवत नसत. अशाच एका सभेत पळापळ झाली आणि मामांचं कोपर दगडी कठड्यावर आपटलं. हात सांभाळत घरी आले ते हसतच. "करंगळी गेली आणि अनामिका अर्धी. अगदी पुस्तकात दिलंय तसं. टोचून पाहा." मी टाचणी टोचली. त्यांना काही कळलं नाही, मलाच कसंतरी झालं.

पुढे महिने गेले, बोटं आली नाहीत. विच्छेदनाची सुरी हातात ठरेना. कॉलेजने ते काम दुसऱ्याकडे दिलं आणि मामांना नुसती व्याख्यानं ठेवली. त्या संध्याकाळी गॅलरीतून हाक आली नाही. मी निवांत चपला काढल्या, बसलो, पण बरं वाटेना. शेवटी उठून त्यांच्याकडे गेलो. मामा हाताकडे बघत होते. "तंतू पुन्हा वाढतो," ते म्हणाले, "पण फार सावकाश. आणि कधी कधी वाट चुकतो."

शर्टाची बटणंही जमेनात, म्हणून रोज सकाळी मामी ती लावू लागल्या. आधी मुकाट्याने, मग बोलत बोलत. मामांना जागचं हलता येत नसे, त्यामुळे ऐकावं लागे.

राज्य मिळालं तेव्हा सगळं गिरगाव तोरणं बांधत होतं. गॅलरीत मामाही त्याच हाताने सुतळीला गाठी मारताना दिसले. सावकाश, पण घट्ट.

"बोटं आली की, मामा."

"सुरी नाही धरवत. गाठ मारता येते."

"मग बटणं?"

त्यांनी आत पाहिलं. मामी तांदूळ निवडत होत्या. "हळू बोला," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे हनुवटी वर करून मामींपुढे उभे होते. मामी पेंगुळल्या डोळ्यांनी एकेक बटण लावत नळाच्या पाण्याचं, बहिणीच्या सुनेचं सांगत होत्या. शेवटच्या बटणाशी त्या जरा थांबल्या, मामांच्या बोटांकडे पाहिलं, आणि सुनेचं पुढे सांगत तेही लावलं.