सात नावांची संस्था

मंडळी, आज डोकं फिरलंय.

शेजारच्या कुलकर्णी आजींना आता दिसत नाही आणि मागंपुढं कुणी नाही. दवाखान्यात सोबत जाणारं कुणी मिळतंय का, म्हणून सकाळी मोबाईलवर संस्थांची यादी उघडली. आपल्या राज्यात संस्थांना काही तोटा नाही. गायींसाठी आहेत, झाडांसाठी आहेत, किल्ल्यांसाठी आहेत, कवींसाठी तर लईच आहेत. निम्मे फोन बंद. बाकीचे म्हणाले, "हे आमच्यात बसत नाही."

शेवटी एकट्या वृद्धांना सोबत देणारी एक सापडली, तीही आमच्या गारखेड्यातच. पत्ता एका भाड्याच्या खोलीचा होता. तिथं गेले, तर दार माझ्या चुलतभावानं उघडलं.

"दादा, ही संस्था तुझी?"

"व्हय. नोंदणी करून ठेवलीय, काम अजून सुरू नाय केलं. सात नावं लागतात, घरातलीच टाकली. तू सचिव आहेस की. राखीला आलीस तेव्हा सही केलीस, विसरलीस?"

केली होती. जेवणाची घाई होती, वाचलं नव्हतं.

घरी आले तर आजी दारातच उभ्या होत्या. "सापडलं का गं कुणी?"

सचिव त्यांच्या समोरच उभी आहे, हे कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.