वर वाट बघणारी सवत

मर्लीन थॉर्सनचं लग्न शनिवारी मँटायच्या मॉर्मन मंदिरात व्हायचं होतं, पण तिला सवत आधीच होती. ती सहा वर्षांपूर्वी वारली होती, एवढंच.

मर्लीन एफ्रियम गावातल्या दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची. त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न जमलं म्हणून सगळा गाव खूश, आणि हिला मात्र घास गिळवत नव्हता. त्यात न्यू जर्सीहून आलेली नर्स डेनीस येता-जाता टोचायची.

"काय गं, तुझा व्हर्डेलपण मॉर्मनच ना? मग तू कितवी?"

"आम्ही ते सोडून शंभरावर वर्षं झाली."

हे उत्तर आमच्याकडे पोरं बोबडी असतानाच शिकतात. खोटं नाहीच ते. आज कुणी दोन बायका केल्या तर चर्च त्याला बाहेर काढतं. पण मंदिरातली लग्नगाठ मरणानेही सुटत नाही, आणि विधुराला तीच गाठ दुसरीशीही बांधता येते. विधवेला जिवंतपणी नाही येत. म्हणजे व्हर्डेलची पहिली बायको कॉलीन कॅन्सरने गेली ती फक्त इथून गेली. वर ती नवऱ्याची वाट बघत बसलेली. हे डेनीसला कोण सांगणार? बाहेरचे हसतात म्हणून आम्ही घरातसुद्धा या विषयावर गुळणी धरून बसतो.

मर्लीनने शेवटी आईकडे विषय काढला. आई वॉर्डातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, कुणाच्या तरी मयतीच्या जेवणासाठी बटाटे किसत होती.

"अगं, वर गेल्यावर देव सगळं नीट करतो," आई म्हणाली. "तुझी खापरपणजी तर इथेच सवतीबरोबर नांदली."

"तिच्या वेळी थोरलीला विचारलं तरी होतं. थोरलीने स्वतः तिचा हात नवऱ्याच्या हातात दिला. कॉलीनला कोण विचारणार?"

"मेलेल्या माणसाला कुणी विचारतं का?"

"मेलेली म्हणतेस, आणि वर भेटणार असंही म्हणतेस."

आईने पुढचा बटाटा घेतला. मर्लीनचा जीव आणखीच टांगणीला लागला. गाठ बांधली तर नवरा कायमचा वाटणीतला, नाही बांधली तर वर कायमची एकटी. रात्री कूस बदलली की यातलं दुसरं जास्त भीतीचं वाटायचं.

गुरुवारी दुपारी ती व्हर्डेलच्या टर्की कोंबड्यांच्या शेडवर गेली.

"वर आम्ही दोघी असू ना?" तिने सरळ विचारलं. "कॉलीनला चालेल?"

व्हर्डेलने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"ती बोलली होती याबद्दल," तो म्हणाला. "हॉस्पिटलात. म्हणाली, तू लग्न कर, पोरांना कुणीतरी हवं. पण इथल्यापुरतं कर. तिथे मला दुसरी नको."

"मग? तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"आणि परवा मला मंदिरात घेऊन चालला होतास?"

"तुला हवं होतं ना ते. मला वाटलं, पुढचं देव बघून घेईल."

"बरं आहे तुम्हा सगळ्यांचं. देवाच्या गळ्यात मारलं की मोकळे."

ती संतापली होती, पण कॉलीनवर नाही. कॉलीनच्या जागी आपण असतो तर आपणही हेच मागितलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. एका मेलेल्या बाईला फसवून तिच्या शेजारी जाऊन बसायचं तिच्याच्याने होणार नव्हतं.

"मंदिर नको," ती म्हणाली. "चर्चच्या हॉलमध्ये करू, बिशपच्या हातून. मरेपर्यंतचं."

आणि ती थांबली. त्याने निदान एकदा तरी नको म्हणावं, भांडावं, असं तिला फार वाटत होतं.

व्हर्डेलचे आवळलेले खांदे सैल पडले. डोक्यावरचं ओझं उतरावं तसा तो हसला.

"तुला खरंच चालेल?"

"चालेल," मर्लीन म्हणाली, आणि शनिवारी हॉल मोकळा आहे का ते विचारायला तिने बिशपला फोन लावला.