तळ्यातली जलपर्णी

तळ्याकाठी उपटलेल्या जलपर्णीचे ढीग वाळत पडले आहेत. तिची जांभळी फुलं आवडली म्हणून फार वर्षांपूर्वी मीच एक रोप आणून अंगणातल्या टाकीत सोडलं होतं. टाकी भरून गेली तेव्हा जास्तीची रोपं फेकवेनात, म्हणून ती तळ्यात टाकून आले. जिवंत झाड कचऱ्यात कसं टाकायचं, एवढंच तेव्हा मनात होतं. आपली माया कुणाला भोवेल, हे सुचलंच नाही.

आता तळ्याचं पाणी दिसत नाही. मासे धरणाऱ्या दामूअण्णांची होडी काठावर उपडी पडून आहे. गावाच्या बैठकीत काही जण औषध फवारा म्हणाले. अण्णा म्हणाले, “उरलेले मासेही जातील. हातानंच काढू. दरवर्षी काढावी लागेल, पण काढू.” तसंच ठरलं.

आज सकाळी त्यांच्या शेजारी गुडघाभर चिखलात उभी असताना मी म्हणाले, “अण्णा, ही पहिल्यांदा मी सोडली होती.”

ते कंबर सरळ करून उभे राहिले. “मला वाटलं, पुरात वाहून आली,” एवढंच बोलून ते पुन्हा वाकले आणि मुळं ओढू लागले.

रागावले असते तर बरं वाटलं असतं.