उन्हाळ्यापुरतं मेण

नीलिमावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "श्रीकांतला अबुधाबीच्या हॉस्पिटलात नेलंय, गाडी काढा," एवढंच त्या म्हणाल्या. श्रीकांत साइटवर कोसळला होता. दुबईतल्या करामाहून आम्ही पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... वय चोपन्न. सुट्टीची पुण्याची तिकिटं तीन आठवड्यांवर आली होती. याला आता आठ आठवडे झाले, पण माझा राग काही ओसरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी प्रयत्न करतो.

श्रीकांत माझा शेजारी, वीस वर्षांचा मित्र, मेंटेनन्स इंजिनिअर आणि स्कीवेडा. या वाळवंटात त्याला बर्फाचं वेड लागावं हा त्याच्या स्वभावाचाच भाग. सुरुवात मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर झाली. मग देश सोडून जाणाऱ्या एका जर्मन साहेबाकडून त्याने जुन्या स्की घेतल्या आणि दर जानेवारीत आठवडाभर जॉर्जियाच्या डोंगरावर आपटून घ्यायला जाऊ लागला. उरलेले एक्कावन्न आठवडे त्या स्की बेडरूमच्या कपाटामागे. "वापरताना काही बिघडत नाही रे, पडून राहिल्यावर बिघडतं," हे त्याचं ठाम मत.

म्हणून दर मे महिन्यात त्यांची सर्व्हिसिंग. हॉलमध्ये जुन्या चादरी अंथरून तो बसायचा. पोलादी कडांवरचा गंज घासायचा, तेलाचा हात फिरवायचा, बूट अडकवायच्या स्प्रिंगा सैल करायचा. मग वहिनींच्या बाद झालेल्या इस्त्रीला मेणाची वडी टेकवून स्कीच्या तळावर थेंब पाडायचे आणि त्यावरून ती इस्त्री अशी सावकाश फिरवायची, की बघणाऱ्याचा जीव जावा. थर जाड हवा आणि तो पुढच्या सीझनपर्यंत खरवडायचा नाही, नाहीतर उन्हाळ्यात तळ कोरडा पडतो. आम्ही सगळे सुट्टीवर जाताना एसी बंद करतो, हा पंचवीसवर चालू ठेवून जायचा. "लेकीच्या तापातसुद्धा एवढा जागला नाही हा," वहिनी म्हणायच्या. तो हसायचा आणि कडा पुसत राहायचा.

या मे महिन्यातही मी समोर चहा घेत बसलो होतो. दुसऱ्या स्कीवर इस्त्री फिरवताना तो मध्येच थांबला. इस्त्री बाजूला उभी केली, डावा खांदा चोळला. कपाळावर घाम, तोही एसीत.

"काय झालं?"

"गॅस असेल. चार दिवस जरा भरून येतंय."

"डॉक्टरला दाखव की."

"इथे? एका ईसीजीसाठी इन्शुरन्सच्या अप्रूव्हलची वाट बघत बसायचं. जुलैत पुण्याला जातोच आहे. आपला डॉक्टर आहे, सगळं एकदम करून टाकतो. खलास."

आणि मी काय म्हणालो? "हो, ते बरं." आम्हा आखाती लोकांची ही खोडच आहे. दाढ दुखली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा धरला, सगळं पुण्यावर ढकलायचं. इथे शरीर नुसतं वापरायचं, दुरुस्ती तिकडे. खाली रस्त्यापलीकडे क्लिनिक होतं. मी त्याला हाताला धरून नेऊ शकलो असतो, दहा मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी मी दुसरा कप मागितला. ज्या माणसाला गंजाचा ठिपका हाताला कळायचा, त्याला स्वतःची छाती कळू नये याचा मला संताप येतो. त्याहून जास्त माझा येतो.

गेल्या शनिवारी त्याच्या लेकीने, सईने बोलावलं. ती इथेच वाढली, इथेच नोकरीला लागली, उंचीने बापावर गेलेली. "काका, आय वॉन्ट टू टेक हिज स्कीज टू द मॉल स्लोप. वन्स. वॅक्स कसं काढतात?" आम्ही त्याच चादरी अंथरल्या. मेणाच्या थरात इस्त्रीचे पट्टे स्पष्ट दिसत होते, त्याच्या हाताने जसे उमटले तसेच... दुसऱ्या स्कीवर मध्यावर एक जाड गोळा गोठला होता. तो थांबला होता ती जागा. सई त्यावरून बोट फिरवत राहिली. मग आम्ही पहिली स्की घेतली आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडू लागलो. पांढरे पापुद्रे चादरभर पसरले. ती रडत होती आणि काम करत होती.

शेवटाकडे मला धाप लागली. थांबून भिंतीला टेकलो.

"काका? यू ओके?"

"काही नाही गं. जिना चढतानाही होतं हल्ली. दिवाळीत पुण्याला जातोच आहे, तेव्हा..."

मी ऐकलं मी काय बोललो ते. तिनेही ऐकलं. सईने हातातली पट्टी खाली ठेवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सईने दुसरी स्की उचलली, मेणासकट कपाटामागे ठेवली आणि बेडरूमचं दार लावलं. "दिस वन वेट्स," ती म्हणाली. "आधी तुमचा रिपोर्ट आणा. मग काढू."

मला तिचाही राग आला. खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि क्लिनिकच्या काउंटरवर नाव सांगितलं.