तार नसलेली पट्टी

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, शाळेच्या हॉलमध्ये, तार नसलेली पियानोची पट्टी वाजली. ऐकणारे आम्ही तिघे. मी वार्ताहर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, असली बातमी मी कधी पाठवलीही नाही.

माझी धाकटी बहीण शालिनी त्या शाळेत हंगामी संगीतशिक्षिका होती. विहारात भीमगीतांना पेटीवर बसणारी. कायम व्हायचं तर शाळेच्या जुन्या पियानोवर परीक्षा द्यावी लागणार होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. घर तिच्याच पगारावर चालत होतं.

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. पियानोवर तिचा उजवा हात पळायचा. डावा मध्येच पट्ट्या सोडून हवेत हलायचा.

"दादा, ह्यो हात भाताच मारून राहिलाय."

"मग बांधून ठेव."

"अन् वाजवू कशानं? तुझ्या पेननं?"

टँकरच्या रांगेतून आल्यावर थकलेली ती रोज बसायची... आधी नुसता डावा हात, सावकाश, मग दोन्ही. हळूहळू हात वळला. पण कोरड्या हवेनं लाकूड आटलं, खुंट्या ढिल्या पडल्या, आणि त्या पिळताना खर्जातली एक तार तुटली. शालिनीला परीक्षेत वाजवायच्या तुकड्याचा शेवटचा सूर नेमका त्याच तारेचा. पेटीवर बसणाऱ्यांच्या सवयीनं तो ती गळ्यातून भरायची.

परीक्षा घ्यायला हैदराबादहून एक बाई आल्या.

"गायचं नाही. फक्त हात."

"बाई, शेवटच्या सुराची तार न्हाई."

"मग तुकडा अपुरा धरावा लागेल, म्हणजे नापास. वाजवा."

शालिनी वाजवत गेली. डावा हात एकदाही हवेत गेला नाही. शेवटी तिनं ती पट्टी दाबली. तोंड मिटलेलं होतं — मी समोरच उभा होतो. खर्जाचा सूर आला, भरीव, आणि तिनं बोट उचलेपर्यंत राहिला.

"तार आहे की," बाई म्हणाल्या.

मी झाकण उघडलं. बाईंनी वाकून पाहिलं. तार नव्हती. त्यांनी स्वतः पट्टी दाबली. नुसतं लाकूड वाजलं. मग तुकडा पूर्ण धरल्याचं लिहून दिलं.

पुढे पियानो दुरुस्त करणाऱ्यालाही मी विचारलं. तारेशिवाय पट्टी वाजत नाही, एवढंच तो म्हणाला.

शालिनी जूनमध्ये कायम झाली. नवी तार दिवाळीनंतर बसली. तोवर ती पट्टी पुन्हा वाजली नाही.