पोकलेनजवळचा दारूचा वास

"हा पिऊन चालवून राह्यला मॅडम. तुमीच वास घ्या!" मी गाडीतून उतरले नाही, तोच सुपरवायझर रमेश सुरू झाला.

एटापल्लीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. पोकलेन, म्हणजे लांब हाताचं खोदकामाचं मशीन, सकाळपासून तीनदा तापून बंद पडलं होतं. मी मेकॅनिक, चंद्रपूरहून मशीनच्या दुरुस्तीला आले होते. ऑपरेटर देवरावभाऊ वीस पावलांवर पळसाखाली उभे होते.

"थेंब नाई घेतला जी," एवढंच ते म्हणाले.

जिल्हा दारूबंदीचा. ऑपरेटरवर असा शिक्का बसला की दुसरा ठेकेदार त्याला दारात उभा करत नाही.

"नव्या ऑपरेटरले फोन केला हाय. याले आजच घरी पाठवतो," रमेश म्हणाला.

"आधी मशीन पाहू द्या."

वास होता, हे खरं. मोहाच्या दारूचा, आंबूस-गोड. कूलंट पुरेसं होतं, फॅन-बेल्ट टाइट. रेडिएटरला रमेशने हवा मारलेली, बाहेरून चकाचक. पण माणूस पळसाखाली आणि वास मात्र इंजिनच्या बॉनेटपाशी, हे काही जुळेना.

रेडिएटरपुढे ऑइल कूलर असतो. दोघांच्या जाळ्यांमध्ये चार बोटं फट. बाहेरून कितीही हवा मारा, तिथला कचरा निघत नाही. बोल्ट काढून मी कूलर बाजूला सरकवला. आत काळा, चिकट लगदा. चिमटीत धरून पाहिला. मोहफुलं!

"देवरावभाऊ, ही इथे कशी?"

त्यांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मोरीचे पाइप आले नव्हते म्हणून चार दिवस काम बंद होतं जी. गावातल्या आजीचे फुलं शेळ्या खाऊन राह्यल्या होत्या. म्या म्हटलं, बॉनेटवर वाळव. तिथी शेळी थोडीच चढते?"

"शेळी नाही चढली. फुलं खाली उतरली."

बॉनेटला हवेसाठी फटी असतात. फुलं त्यातून आत पडली, इंजिनच्या उष्णतेने शिजून आंबली आणि हवेची वाट बंद झाली.

"म्हणजे मशीनच पिऊन होतं म्हणा नं!" रमेश हसला. एकटाच.

आम्ही पाणी आणि मऊ ब्रशने जाळ्या धुतल्या. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. मला खरी धास्ती इंजिनची होती. तीनदा तापल्यावर इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकू शकतं आणि ऑइलमध्ये पाणी उतरतं. डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइलमध्ये पाणी नव्हतं. मग देवरावभाऊंना वर बसवलं. दीड तास त्यांनी माती उपसली, टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलला नाही.

रमेश फोनवर होता. "नको येऊ बाबा. नाई, आमचा मानूस चांगला हाय. मशीनचाच लोचा होता."

देवरावभाऊंनी इंजिन बंद केलं आणि तेव्हा कुठे जेवणाचा डबा उघडला.

मोहाच्या दिवसांत आता मी कूलर आधी सरकवते. आणि ऑपरेटर प्यायलाय असं कुणी म्हणालं, तर त्याला मशीनपासून लांब नेते, मग वास घेते.